राहून बघितलेली घरं

९ जानेवारी

धाकट्या,

सप्रेम वगैरे काही लिहीत नाही. भाऊने फोन लावला, तू उचलला नाहीस. मी लावला, उचलला नाहीस. मग आईच्या हातात दिला, तर ती फोन कानाला लावून बसली आणि पलीकडच्या त्या बाईला, "थोड्या वेळाने प्रयत्न करा" म्हणणारीला, "बरं हो, करते" म्हणत राहिली. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचं आधी सांगते. नवीन इमारत अडकली आहे. वरचे स्लॅब पडले, तळमजल्याच्या भिंती झाल्या आणि गाडी जी थांबली ती थांबली. सळईवाला आधी पैसे मागतो, बँकवाला आधी गिऱ्हाईक मागतो आणि गिऱ्हाईक आधी घर मागतं. सगळे गोल गोल फिरतात आणि मधे मी उभी. अशात भाऊने दोन भागीदार शोधून आणलेत. बाहेरचे. त्यांच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत चित्रं आहेत. इमारत ते पुरी करणार, फाटकावरच्या पाटीवर नाव आपलंच ठेवणार, आणि धंदा निम्म्याहून जास्त त्यांचा होणार.

भाऊ म्हणतो घेऊ. मी म्हणते मुळीच नाही. अण्णांनी धंद्याचे तीन वाटे केले आणि तिघांतले दोघं म्हणतील तेच करायचं असं ठरवून गेले, ते तुला माहीत आहे. म्हणजे आता तू म्हणशील तसं होणार. मजा बघ, जो घरातून उठून गेला त्याच्याच हातात घराची किल्ली!

मला तुझ्याकडून बाकी काही नको. "कशी आहेस ताई" नको, "काळजी घे" तर अजिबात नको. एका कागदावर "नाही" लिही, खाली सही कर आणि पाठवून दे.

तुला वाटेल ताई हट्टी आहे. आहेच. पण या वेळी कारण एकच आहे. तळमजल्याचा पुढचा फ्लॅट. तो आईचा. प्रत्येक इमारतीचा पाया खणताना अण्णा तिला म्हणायचे, "यातला तळमजला तुझा," आणि प्रत्येक वेळी तोच आधी विकला जायचा. विहिरीजवळची, गिरणीसमोरची, शाळेमागची, पुलाखालची, वळणावरची. दर वेळी "पुढच्या इमारतीत नक्की". आता पुढची नाही. माझ्यात आणि भाऊत आणखी एक उभी करायची ताकद राहिलेली नाही. ही शेवटची, आणि हिच्यातला तो फ्लॅट आईला मिळाला पाहिजे, एवढंच मी धरून बसले आहे. भागीदार आत आले की तो गेलाच म्हणून समज.

आई बरी आहे.

तुझी ताई

ता. क. हे पत्र लिहिल्याचं भाऊला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. म्हणजे त्याच्याशी बोलत असलास तर.


४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. या वेळी पोस्टावर ढकलते.

भागीदार येऊन गेले. घरात आम्ही एकाला टाय म्हणतो, कारण सिमेंट उडत असलं तरी तो टाय घालून येतो. दुसऱ्याला होहो, कारण प्रत्येक वाक्याला तो "हो हो" म्हणतो आणि मग टायकडे बघतो. मी आणि आई सध्या त्या तळमजल्याच्याच फ्लॅटमध्ये राहतोय. खिडक्यांच्या चौकटी बसल्यात, तावदानं नाहीत, प्लास्टिक ताणून लावलंय. वाऱ्याने ते फडफडलं की आई म्हणते, "कोण आलंय बघ गं."

टायला बसायला रंगाचा डबा उपडा करून दिला. त्यावर त्याने आधी रुमाल पसरला. मग विचारतो, "तुम्ही लोक इथे राहता कशाला?" मी आपली पद्धत सांगितली. म्हटलं, आम्ही बांधलेलं घर विकायच्या आधी त्यात महिनाभर राहून बघतो. अख्खं कुटुंब. एक झालं की बिऱ्हाड उचलून पुढचं. आई ओट्यापाशी उभं राहून बघते, धूर खिडकीतून बाहेर जातो की घरातच फिरतो. मी दारं बघते. हा भाऊ मोरीत बादली ओतून पाणी कुठे वळतं ते बघतो. आणि धाकटा होता तेव्हा जमिनीवर गोटी सोडायचा. गोटी आपोआप चालू लागली की उतार आहे म्हणून तिथे खडूने गोल; कुणालाही कुठेही खोट दिसली की गोल. संध्याकाळी वडील आले की माणसांकडे न बघता भिंतींवरचे गोल बघत फिरायचे. सगळे गोल दुरुस्त होऊन पुसले गेले की मगच गिऱ्हाईक. लोक म्हणतात घर पाहावं बांधून, आमचे अण्णा म्हणायचे, "आणि राहून."

"हो हो," होहो म्हणाला.

टाय म्हणाला, "बाई, म्हणजे तुम्ही आधी बांधता, मग राहता, मग विकता. पैसा अडकणारच. आता सगळे आधी विकतात, आलेल्या पैशातून बांधतात."

"आणि राहून कोण बघतं?"

"घेणारा."

इतक्या शांतपणे म्हणाला, जसा काही सिमेंटचा भाव सांगतोय. 

तेवढ्यात आई आतून आली. दोघांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "राहून बघितलंत का? बघितलं नसेल तर घेऊ नका. मोरीत पाणी उलटं येतंय." तिला वाटलं गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाइकाला आधी खोट सांगायची ही आपली रीतच. मग तिने कमरेच्या पिशवीतून खडू काढून टायच्या हातात ठेवला. भाऊचं तोंड असं झालं की जणू त्याचंच काहीतरी चोरीला गेलंय. टाय बिचारा हसला, खडू परत करावा की खिशात घालावा ते त्याला कळेना.

त्यांच्या अटी ऐक. बांधकामात कोणी राहायचं नाही. उरलेले सगळे फ्लॅट चित्र दाखवून आताच विकायला काढायचे. मी तळमजल्याचं विचारलं. तिथे म्हणे सॅम्पल फ्लॅट होणार. म्हणजे कुणीच न राहणारं घर. नुसतं दाखवायचं. मी विचारलं, मग दाखवून झाल्यावर तरी? तर म्हणाला, दाखवून झाल्यावर ऑफिस. होहो म्हणाला, हो हो.

"नाही" लिहून पाठव.

ताई


१ मार्च

धाकट्या,

मागे लिहिलं होतं की आई बरी आहे. नाही. लपवायचं नव्हतं असंही नाही, लपवायचंच होतं. मला वाटलं, आईचं कळलं की तू मला उत्तर देशील ते तिच्यासाठी देशील, आणि मला ते नको होतं. आता मला काहीही चालेल.

ती विसरते. सुरुवातीला चष्मा, गॅस, वार. आता अण्णा गेल्याचं विसरते. रोज नव्याने सांगायचं की नाही यावर माझं आणि भाऊचं भांडण होतं. तो म्हणतो सांगू नकोस. मी म्हणते खोटं कसं बोलायचं? आयुष्यात एक खिडकी खोटं बोलून विकली नाही, आणि आता आईशी?

आणि ती म्हणते, "घरी जाऊ." सकाळी चहा झाला की सुरू. मी म्हणते, आई, हेच घर. ती प्लास्टिककडे बघते आणि मला समजावल्यासारखं म्हणते, "हे तर विकायचं आहे ना गं."

डॉक्टरकडे नेलं तेव्हा खिडकीतल्या मुलीने विचारलं, कायमचा पत्ता? मी म्हटलं, लिही हाच. ती म्हणाली, "हा तर बांधकामाचा पत्ता आहे, इथे घर क्रमांकच नाही." मी विचार करत उभी राहिले. मागे रांग. तेवढ्यात आईने खिडकीत तोंड घालून सांगायला सुरुवात केली: विहिरीजवळची, गिरणीसमोरची, शाळेमागची... सगळ्या इमारती, ओळीने, एकही न चुकता. ती मुलगी हसली. मागच्या माणसाने म्हटलं, "केवढ्या इस्टेटीची मालकीण आहे म्हातारी!" सगळे हसले. मीही हसले. बाहेर येऊन पायरीवर बसले. लोकांसाठी एवढी घरं बांधली आणि आईला घरी न्यायचं तर न्यायचं कुठे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिचं लिंबाचं झाड तुला आठवतं? तेलाच्या डब्यात लावलेलं, प्रत्येक बिऱ्हाडात बरोबर येणारं. जमिनीत लावू म्हटलं की म्हणायची, "महिन्याभरात झाड लागत नाही. माझा तळमजला झाला की लावीन." ते अजून डब्यातच आहे. डबा खालून गंजून फुटलाय, मुळं बाहेर आलीत, तरी पानं टिकून आहेत. ती त्याला रोज पाणी घालते. दिवसातून चारदा घालते, कारण घातल्याचं विसरते.

तिला एक महिन्यापेक्षा जास्त टिकणारं घर हवंय रे. बाकी काही नाही.

ताई


२२ मार्च

धाकट्या,

भाऊशी जुंपली. चांगलीच. लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिते, नाहीतर तू म्हणशील ताईने आपल्यापुरतं सांगितलं.

वहिनीपासून सुरू झालं. वहिनी, जी आजवर "चहा घेणार का" याच्यापुढे माझ्याशी बोलली नाही, ती वीट धरल्यासारखी भांडं हातात धरून म्हणाली, "ताई, माझं लग्नातलं कपाट मी अजून जोडलेलं बघितलं नाही. हलवायचंच असतं म्हणून फळ्या दोरीने बांधून भिंतीला टेकवलेल्या. मुलं मोठी झाली, कपाट उभं राहिलं नाही. मला एकदा पडदे लावायचेत. माप घेऊन, शिवून, त्याच खिडकीला कायमचे." मी म्हटलं, पडद्यांसाठी धंदा विकायचा का? ती म्हणाली, "हो."

एवढं सरळ "हो" ऐकायची मला सवय नाही. मी चिडले. भाऊला म्हटलं, अण्णांनी विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन नाव कमावलं, आणि तू ते टायच्या गळ्यात बांधतोस? त्यावर भाऊ जे बोलला ते तसंच्या तसं लिहिते.

"ताई, तू पद्धत पद्धत म्हणतेस. वळणावरच्या इमारतीत गिलावा ओला होता. धाकट्याची चिमी रात्रंदिवस खोकत होती. त्याची बायको, आपली धाकटी, म्हणाली, एवढा महिना मी पोरीला घेऊन माहेरी जाते. अण्णा म्हणाले, आपल्याच घरातलं माणूस राहत नसेल तर लोकांना कुठल्या तोंडाने विकू? धाकटीने मग काय केलं? आपल्या रीतीप्रमाणे केलं. पाळण्यावरच्या भिंतीला ओल होती, तिथे खडूने गोल काढला. अण्णांनी संध्याकाळी गोल बघितला. सकाळी गवंडी बोलावला. भिंत दुरुस्त झाली. गोलाखालचा पाळणा कोणी बघितला नाही."

मी म्हटलं, अण्णांना काय माहीत होतं! तो म्हणाला, "सगळ्यांना माहीत होतं. सगळे खोकणं ऐकत होतो."

शेवटी चिमीला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं आणि तिथूनच तुम्ही परस्पर निघून गेलात. सामान मी बांधलं. अण्णा गेले तेव्हा आलास तो लॉजवर उतरलास, आपले चार फ्लॅट रिकामे असताना. तेव्हा मला राग आला होता. अजूनही आहे. पण भाऊचं ऐकलं आणि मी उठून मोरी घासायला गेले. मोरीत पाणी अजून उलटंच येतं.

चिमी आता केवढी झाली असेल?

हे सगळं मान्य करूनही मी मागते ते मागतेच. पद्धत गेली खड्ड्यात. मी टायला निरोप पाठवलाय: बांधकामात राहणार नाही, आधी विका, चित्रं लावा, काय वाटेल ते करा. फक्त तो एक तळमजला आईच्या नावाने सोडा. त्याचा निरोप आला की पुढची जागा सोडता येत नाही, गिऱ्हाईक तिथूनच आत येतं. म्हणजे मी वाकले तेही फुकट गेलं. हात दाखवून अवलक्षण.

आता फक्त तू. तुझ्या "नाही"ने ते परत जातील. इमारत रखडेल, रखडू दे. वरचे मजले उघडे राहू देत. खालचं एक घर मी आणि भाऊ मिळून कसंही पुरं करू, तावदानं लावू, आणि आईला सांगू की हे विकायचं नाही. तिला समजतंय तोवर सांगायचं आहे रे. तिला समजणं रोज थोडं कमी होतंय.

ताई


१० एप्रिल

तुझं पत्र आलं.

पाकीट हातात घेतलं तेव्हा आनंदाने आईला दाखवलं, "धाकट्याचं आलं बघ!" ती म्हणाली, "तो गोटी घेऊन गेलाय का? इथे एक कोपरा बघायचा राहिलाय."

मग वाचलं. वाचायला वेळ लागला नाही. तीन वाक्यं. "भाऊला हो लिहून सही पाठवली आहे. चिमीला अजून श्वासाचा पंप लागतो. आईला कोरड्या घरात ठेव."

मी तुला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. भिंतींनी ऐकलंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ. नंतर मी घरभर फिरले आणि हाताने भिंती चाचपून बघितल्या. तुझं एवढं खरं आहे की इथल्या भिंती ओल्या आहेत.

पंपाचं मला कोणी सांगितलं नव्हतं.


१६ जून

धाकट्या,

सही करून झाली. भाऊने केली, मी केली, आईने अंगठा दिला, गरज नसताना. सगळे करतायत म्हणून तिनेही शाईत बोट बुडवलं. टायने पेढीच्या पाटीवर आपल्या घराचं नाव ठेवलंय, त्याच्याखाली स्वतःचं, आणि स्वतःचं मोठं आहे. माणूस वाईट नाही. मला खुर्ची देतो, बाई म्हणतो, माझं ऐकून घेतो आणि करतो स्वतःच्या मनासारखं.

आम्ही भाड्याने राहतोय. कुठे ते ऐकून हस. शाळेमागच्या इमारतीत, तळमजल्यावर. आपणच बांधलेली. अण्णांनी आईला दाखवून विकलेला तोच तळमजला. ज्याला विकला त्याने तो दुसऱ्याला विकला, त्या दुसऱ्याने आम्हाला भाड्याने देताना मला सगळं फिरून दाखवलं आणि म्हणाला, "बांधकाम जुनं आहे पण पक्कं, एक भिंत ओल धरत नाही." मी मान डोलवली. स्वयंपाकघरातलं दार जरा उचलून लावावं लागतं, ते सांगायला तो विसरला. मी न सांगता उचलून लावलं. भाऊ आणि वहिनी मागच्या गल्लीत आहेत. वहिनीचं कपाट उभं राहिलंय. पडदे निळे आहेत.

परवा आईला घेऊन सॅम्पल फ्लॅट बघायला गेले. कशाला गेले विचारू नकोस, जखमेवरची खपली काढायला माणूस जातोच. काय सजवलाय! पांढरा सोफा, टेबलावर मेणाची फळं, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही. आईने चप्पल दारात काढली. आत जाऊन सरळ ओट्यापाशी गेली आणि नळ सोडला. नळाला पाणी नाही, मागे पाइपच नाही. तिने पुन्हा सोडला. मग मोरी बघितली, मोरीला भोक नाही, नुसतं झाकण चिकटवलंय. खिडकी उघडायला गेली, तर खिडकीबाहेर बागेचं चित्र. ती घाबरली रे. माझा हात घट्ट धरला. मग पिशवीतून खडू काढला आणि गोल काढायला लागली. सोफ्यावर, टीव्हीवर, फळांवर. मी थांबवलं नाही. तिथली गणवेशातली मुलगी धावत आली, "आजी, आजी, हे काय!" आई तिला म्हणाली, "सगळंच दुरुस्त करावं लागेल. सांग त्यांना, इथे कोणी राहून बघितलेलं नाही."

टायने नंतर फोन केला. ओरडला नाही. म्हणाला, आईंना पुन्हा आणू नका.

तुझा पत्ता बदलला असेल तर कळव. चिमीचं कळव. मी हे मागायचा हक्क ठेवलाय की नाही ते ठाऊक नाही, पण मागते.

ताई


२८ सप्टेंबर

धाकट्या,

बरेच दिवस लिहिलं नाही. भांडण नव्हतं, लिहायला मनगटात जोर नव्हता.

इथे येऊन महिना झाला आणि एका सकाळी बघते तर आई दारात तयार. पातेली चादरीत बांधलेली, गादी गुंडाळलेली, लिंबाचा डबा हातात. "महिना झाला. चला." कुठे, आई? "पुढच्या घरी." मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ती दाराबाहेर बसून राहिली. जेवली नाही. मग भाऊ आला. त्याने टॅक्सी बोलावली, बोचकी टाकली, आम्हाला बसवलं, बाजाराला वळसा घातला, आणि शाळेच्या बाजूने आणून मागच्या दाराने पुन्हा याच घरात सोडलं. आई आत आली. भिंतीवर हात फिरवला. ओट्यापाशी उभी राहिली. खडू काढून दोन गोल काढले आणि मग पोटभर जेवली.

तेव्हापासून दर महिन्याला आमचं बिऱ्हाड असंच हलतं. भाऊ टॅक्सी आणतो. टॅक्सीवालाही आता ओळखीचा झालाय, तो आपणहून म्हणतो, "आजी, नवीन घर कसं आहे बघून सांगा हं." मी आदल्या दिवशी जुने गोल पुसून ठेवते. खोटं बोलायचं नाही म्हणणारी मी, बघ काय काय करते.

मागच्या महिन्यात मात्र वेगळंच झालं. नेहमीसारखे मागच्या दाराने आत आलो. तिने भिंती बघितल्या, दार उचलून लावलं, मोरीत पाणी ओतलं, आणि कितीतरी वेळ पाणी जाताना बघत राहिली. गोल एकही काढला नाही. खडू पिशवीत ठेवून दिला. मग मला बोलावून हळूच म्हणाली, "अण्णांना सांग, हे विकू नका. तळमजल्याचं आहे. कोरडं आहे. हे मी ठेवते."

 इतकी वर्षं आपण गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगत आलो, हे दार फुगतं, इथे उतार कमी आहे, विचार करून घ्या. ओठावर आलं होतं, आई, हे दुसऱ्याचं आहे. मी म्हटलं, "हो आई. हे तुझंच."

"नक्की ना? मागच्या वेळी पण म्हणाला होतात," ती अण्णांना म्हणावं तसं मला म्हणाली.

"नक्की."

मग तिने भाऊला खुरपं आणायला पाठवलं. खिडकीखाली जमिनीची एक पट्टी आहे. स्वतः खाली बसली, गुडघे दुखत होते तरी, आणि हाताने खड्डा केला. डबा इतका गंजलेला की भाऊने पत्रा सोलून काढला. मुळं डब्याच्या आकाराची झालेली, चौकोनी. ती सोडवताना आई झाडाशी काहीबाही बोलत होती. लिंबू जमिनीत लावलं. तेव्हापासून ती एकदाही "घरी जाऊ" म्हणालेली नाही. महिना उलटला, तिने बोचकी बांधली नाहीत. टॅक्सीवाला येऊन परत गेला. वहिनीने तिच्या खिडकीलाही निळा पडदा शिवून आणला, आणि आई दिवसभर खिडकीत बसून झाड बघते.

हे तुला कळवावं म्हणून काल लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि दार वाजलं. घरमालक होता. चांगला माणूस आहे, उभ्याउभ्याच बोलला, त्यालाच अवघड वाटत होतं. त्याच्या मुलीचा संसार मोडलाय, ती दोन मुलं घेऊन परत येतेय. त्याला जागा हवी आहे. जाताना खिडकीखाली बघून म्हणाला, "झाड ठेवा, मुलं पाणी घालतील."

मला त्याच्याशी भांडता आलं नाही. आपल्या मुलीसाठी तो जे करतोय ते बरोबरच करतोय. मी दार लावलं, उचलून, आणि आईपाशी येऊन बसले. ती म्हणाली, "कोण होतं गं?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक."

"सांगितलंस ना, हे विकायचं नाही म्हणून?"

"सांगितलं," मी म्हटलं.

पत्राच्या वर पत्ता घातलेला नाही. विसरले म्हणून नाही, तुझं उत्तर येईल तेव्हा आम्ही इथे नसू म्हणून.

ताई